तीन दिवस वरचे

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, गल्ली अकरा,
जस्ताच्या हौदांमागे आमची कचेरी.
एसीचं पाणी ठिबकतं
त्या बादलीशेजारी माझं टेबल.
पगारपत्रकं, रजेचे अर्ज, परतीची तिकिटं
आणि वर्षाकाठी चार-सहा नोटिसा
माझ्याच बोटांतून जातात.

बुधवारी साहेब म्हणाले, हमदुल्यांची काढ.
तारीख मागची घाल, महिनाभरापूर्वीची.
वर आणखी तीन दिवस धर, संशय नको.
म्हणजे मुदत संपलेलीच,
उद्यापासून यायचं कारण नाही.
सांगताना ते खजूर खात होते.
बिया रुमालावर ओळीनं मांडत होते.

मी घातली.
खोटं कशाला सांगू, बोट अडखळलं नाही.
कराराच्या नवव्या कलमात
'तीस दिवस आधी' असं आहे.
तेही मीच टाइप केलेलं,
तेव्हा 'आधी'वरून नुसती पुढं गेले होते.

याकूब हमदुले, दाभोळ खाडीकाठचे,
एकोणीस वर्षं हौदावर.
काळं लोखंड बुडवायचं,
चमकतं वर काढायचं.
त्यांना भुवया नाहीत. कधीच्याच जळल्या.
त्यामुळे नवल वाटलं की राग आला
हे चेहऱ्यावरून कळायला मार्ग नाही.

हातमोजा काढून त्यांनी कागद घेतला,
लांब धरला.
इंग्रजी येत नाही, आकडे येतात.
आकड्यांवर अंगठा टेकवून म्हणाले,
"बाय, ह्यो तर जुम्मा हुता."

कोणीच काही बोललं नाही.

"जुम्म्याला हापिसाला कुलूप.
मी आल्तो फाटकावर, डबा ऱ्हायला हुता आदल्या दिशी.
पहारेकरी झोपलेला.
कुंपणावर एक मांजर हुती, बस्स.
मग कागद कोणी दिला मला? मांजरीनं?"

साहेब म्हणाले, गुरुवार घाल.
गुरुवारी हमदुले दवाखान्यात,
मनगटावर जस्त उडालेलं; शिक्का आहे.
बरं, बुधवार.
बुधवारी साहेब स्वतःच मस्कतला,
त्या प्रवासाचं बिल मीच लावलंय.
मंगळवारी दिवसभर वीज नव्हती.
असा एकेक वार
भाजीवाल्याकडच्या वांग्यासारखा
हातात घेऊन, उलटा करून, परत टोपलीत.

"आजची घालते," मी म्हटलं.
शूरपणा बिरपणा काही नाही.
यंत्रात एकच कोरा कागद उरला होता
आणि माझी डब्याची वेळ टळून गेलेली.
साहेबांनी बिया रुमालात बांधल्या
आणि सही केली.

हमदुले तिथंच बाकावर बसले,
बोटांच्या पेरांवर मोजायला लागले.
मध्येच थांबून म्हणाले,
"आमच्याकडं करार म्हणजे चैन पण.
जिवाला करार नाय, असं म्हनायची आई.
एकोनीस वर्सं मला वाटलं
सही केली, म्हंजे तो करार मिळाला."
मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं,
कारण कुठवर आले होते ते विसरले.

तीस दिवस त्यांनी भरले. एकही खाडा नाही.
केरळच्या त्या नव्या पोराला
हौद कधी चिडतो ते शिकवलं:
ओलं लोखंड बुडवू नको,
थेंबभर पाणी असलं तरी जस्त थुंकतं.
मुदतीचा हिशेब मीही करत होते, माझ्या कामाचाच भाग तो.
तिसावा दिवस शुक्रवार निघाला.

"कुलूप असेल," मी म्हटलं,
"गुरुवारीच हिशेब घेऊन जा."
त्यांनी मान हलवली. हो की नाही,
भुवया असत्या तर कळलं असतं.

रविवारी पहारेकऱ्यानं सांगितलं,
म्हातारा आला होता जुम्म्याला.
दुपारपर्यंत फाटकाबाहेर बसून होता सावलीत,
डबा उघडून जेवला,
मासळीचे काटे मांजरीला घातले,
आणि माझ्या वहीत
वेळ लिहून घेतली स्वतःची:
आल्याची, आणि गेल्याची.